चार वाजून दहा

रात्री अकराला मी सांगली जिल्हा कापायला घेते.
तीन किलोमीटर बाय तीन किलोमीटर,
वडीच्या सुरीनं पाडावेत तसे चौकोन.
समडोळी एकात, कवठेपिरान शेजारच्यात,
हरिपूरचा संगम नेमका रेघेवर आलाय
तर येऊ दे. चौकोनांना नदीचं काही पडलेलं नसतं.

मग धूर भरायचा.
कारखान्यांची धुराडी सोपी:
उंची, तोंडाचा व्यास, आतलं तापमान,
सगळं सही-शिक्क्यासकट मिळतं.
वीटभट्ट्या उपग्रहाच्या फोटोत मोजल्या,
मळीच्या जमिनीवर काळे तीळ.
तासगावच्या बेदाण्याची गंधकाची धुरी
मावसभावाला विचारून लिहिली.
तो म्हणाला, किती लिहिलंस ते मला सांगू नकोस.

पाचटाचं मात्र गणित बसत नाही.
भरमू मगदूम फोनवर म्हणाले,
"टोळी हलली, वारं पडलं, की लावायची काडी.
मंगळवार धरा तुमच्या मशीनला."
मी मंगळवार धरला.
त्यांनी सोमवारीच लावली.

थंडीत पहाटे गार हवा खाली बसते
आणि वर ऊबदार हवेचं झाकण पडतं,
हळद शिजताना काहिलीवर गोणपाट टाकतात तसं.
आत जे असेल ते आतच शिजतं.
झाकण किती उंचीवर आहे
एवढंच खरं तर मला सांगायचं असतं,
दुसऱ्या दिवशी शाळा किती वाजता भरवावी
हे त्यावरून कुणीतरी ठरवेल, या आशेवर.

कुपवाडसाठी मशीन म्हणालं, बासष्ट.
शाळेच्या पडवीवरचा सेन्सर म्हणाला, एकशे नव्वद.
पहाटे चार वाजून दहा.
दुसऱ्या दिवशी तेच. अकरा दिवस तेच.
मी झाकण खाली ओढलं, वारा वळवला,
एमआयडीसीच्या बॉयलरची पाळी तासभर अलीकडे आणली.
फरक हलेना.
आचवल सर म्हणाले, सेन्सर बिघडलाय, वगळ.

बाराव्या रात्री स्कूटर काढली.

पडवीखाली, बरोबर सेन्सरच्या पायाशी,
सायकलच्या टायरचा तुकडा, गिरणीतला तेलकट कापूस,
आणि त्यावर हात धरून बसलेले नबीलाल, रात्रीचे वॉचमन.
"चारला हाडात शिरतंय बगा," ते म्हणाले,
"बसा की."
मी वही घेऊन आले होते. बसले.
धूर माझ्याच डोळ्यांत यायला लागला,
वाऱ्याची दिशा बघायची राहिलीच होती.

"वर ते पांढरं डबडं कशाचं हाय?"
"हवा मोजतं."
"मंजे आमची पन मोजत असंल."
"तुमचीच मोजतंय."

ते हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले.
काठीनं टायर बाहेर ओढून चपलेनं विझवला,
बाभळीच्या दोन काटक्या पुढं सारल्या.
"ह्ये चालंल का?"

टायरसाठी माझ्याकडे तक्ता आहे,
किलोमागे किती ग्रॅम.
बाभळीसाठीही आहे.
नऊ चौरस किलोमीटरमध्ये एक माणूस
दोन तळवे पसरून बसला असेल
तर भागाकार शून्य येतो,
आणि मशीन शून्याला चालेल म्हणतं.
मी म्हणाले, चालेल.
नातीच्या शाळेचं विचारलं त्यांनी, कितव्या वर्गापासून कॉम्प्युटर शिकवतात.
मला माहीत नव्हतं.

सकाळी ऑफिसात आलेख उघडला.
बासष्टची सरळ रेघ, माझी.
तिच्यावर चार वाजून दहाला एक उंचवटा,
अकरा दिवसांपेक्षा बुटका,
थोडा रुंद.
सर मागे येऊन उभे राहिले, "अजून वगळलं नाहीस?"
मी म्हणाले, सेन्सर बरोबर आहे.
रुंद एवढ्यासाठी, की आम्ही दोघं
जरा जास्त वेळ बसलो होतो.